परमुलखातलं गाऱ्हाणं

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण माझ्या बायकोने एकदाही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नव्हतं. ही तक्रार मी विक्रोळीत आमच्या बिल्डिंगमध्ये, कंपनीच्या कँटीनमध्ये, सासुरवाडीला, जिथे जागा मिळेल तिथे केली आहे. ती कराडकडची. मी मालवणकडचा, म्हणजे वडील गिरणीत लागले तेव्हापासून मुंबईचा, पण गाऱ्हाण्यापुरता मालवणकडचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. एकाने हातात नारळ धरून देवाला सगळी परिस्थिती समजावून सांगायची, काय हवं ते मागायचं, काय नको तेही सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काय मागितलं जातंय ते ऐकायची जबाबदारी देवाची. जमलेल्यांनी फक्त व्हय म्हणायचं.

हे बायकोला मान्य नव्हतं. “तुम्ही काय मागताय ते नीट कळल्याशिवाय मी हो कशी म्हणू?” असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत म्हणाली होती. तेव्हापासून सगळे व्हय म्हणतात आणि ही पदर खोचून, तोंड मिटून, एकेक शब्द ऐकत उभी असते. परीक्षेत सुपरवायझर उभा असतो तशी.

मी मात्र या खात्यातला मोठा माणूस. कंपनीत नवीन मशीन आलं की साहेब इंग्रजीत भाषण करायचे आणि कामगार म्हणायचे, ते राहू दे, गाऱ्हाणं घाला. बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीला मी गाऱ्हाणं घातलंय. शेजाऱ्याच्या मुलाच्या बारावीला घातलंय. (तो नापास झाला, पण त्याने अभ्यासच केला नव्हता हे मला आधी सांगायला हवं होतं.)

त्यामुळे रिटायर झाल्यावर आम्ही युरोपच्या ग्रुप टूरला निघालो, तेव्हा मी बॅगेत पाच नारळ घेतले. एक जाण्याचा, एक येण्याचा, तीन अडीअडचणीचे. विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली तर ती तीन किलो जास्त भरली. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, काहीतरी काढावं लागेल.” बायको तेव्हा बाथरूमला गेली होती. पाच नारळांतला एकही काढायला माझा हात धजावेना. मग मी चिवड्याची आणि लाडवांची निळी पिशवी तशीच्या तशी उचलून, सोडायला आलेल्या मुलाच्या हातात दिली. “घरी ने आणि खा,” म्हटलं. स्वतःच्या त्यागाने मला जरा भरूनही आलं.

विमान उडाल्यावर बायको म्हणाली, “गोळ्या निळ्या पिशवीत वर ठेवल्यात हां. रोज सकाळी एक.”

ब्लडप्रेशरच्या गोळ्या. आता उडत्या विमानात मी काय करणार होतो? मी म्हटलं, “बरं.” मुलाचा मेसेज आला तो उतरल्यावर बघितला: ‘बाबा, पिशवीत तुमच्या गोळ्या आहेत.’ मी उत्तर पाठवलं: ‘इथे मिळतात. आईला सांगू नको.’ इथे मिळतात की नाही याची मी चौकशी केली नाही. थंड हवा, हिरवे डोंगर, हॉर्नचा आवाज नाही, प्रेशर वाढायला कारणच काय, असा माझा शास्त्रीय विचार होता. बायको रोज सकाळी विचारायची, “गोळी घेतलीत?” आणि मी रोज म्हणायचो, “घेतली गो.”

बसमध्ये आम्ही चाळीस जण होतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, दोन-तीन कुटुंबं पुण्याची. टूर लीडर सत्तावीस-अठ्ठावीसची एक चुणचुणीत मुलगी होती, सगळ्यांना काका-काकू म्हणून वेळेवर हाकणारी. पहिल्याच सकाळी बस सुटायच्या आधी मी नारळ हातात घेऊन पुढे उभा राहिलो. “नारळ फोडायचा नाही हां काका,” ती म्हणाली. म्हटलं, नुसता धरतो. मग सुरुवात केली: बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां परमुलखात इली हत, तेंची राखण कर म्हाराजा. चार मालवणी होते ते म्हणाले, व्हय म्हाराजा. दुसऱ्या दिवशी घाटकोपरचं गुजराती जोडपंही म्हणू लागलं. तिसऱ्या दिवशी पुणेकर. कोणाचो पासपोर्ट हरवलो तर तो गावांदे म्हाराजा. व्हय म्हाराजा. हॉटेलात गरम पाणी येवंदे म्हाराजा. व्हय म्हाराजा. चेंबूरचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त, रोज त्याचा व्हिडिओ काढायचे आणि आपल्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर टाकायचे. चेंबूरमध्ये माझे चाहते तयार झालेत असं ते मला जेवताना सांगत. माझी अवस्था तुम्ही समजू शकता. मी रात्री झोपताना उद्याच्या मागण्या पाठ करत होतो.

सहाव्या सकाळी आम्ही ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावात होतो. न्याहारीला जाताना जिन्यात माझी उजव्या पायातली चप्पल निघून पडली. मी चार पायऱ्या तसाच उतरलो. मागून येणाऱ्या बाईंनी ती उचलून दिली तेव्हा मला कळलं. “नवी आहे, सैल आहे,” मी म्हणालो. ती तीन वर्षं जुनी होती.

बस हॉटेलच्या आवारात उभी होती. मी नारळ घेऊन उभा राहिलो. यापुढचं मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मला दिसलं तसं आहे आणि अर्धं चेंबूरच्या व्हिडिओत आहे, आणि या दोन्हींचा आपसात काही संबंध नाही.

मला दिसलं ते असं: त्या दिवशी माझं गाऱ्हाणं असं काही लागलं होतं की विचारू नका. शब्द आपोआप येत होते. लोक एका सुरात साथ देत होते. आयुष्यातलं सर्वोत्तम गाऱ्हाणं.

व्हिडिओत आहे ते असं: मी म्हणतो, “आज आमका उंच डोंगरार जावचा आसा, तर पाऊस येव नको म्हाराजा.” व्हय म्हाराजा. “सगळ्यांचे पाय घट रवांदे म्हाराजा.” व्हय म्हाराजा. “डोंगराक पासपोर्ट... डोंगराक पासपोर्ट उकडांदे म्हाराजा.” व्हय म्हाराजा. “टायराच्या पोटात गरम... गरम काकी... उकडांदे म्हाराजा.” हसत हसत, आणखी जोरात, व्हय म्हाराजा. “बडी बडी दोर गाव म्हाराजा.” व्हय म्हाराजा. मग नारळ माझ्या हातातून सुटतो आणि सीटांखालून गडगडत ड्रायव्हरच्या पायाशी जातो. चाळीस माणसं टाळ्या वाजवतात.

एकोणचाळीस. तिसऱ्या सीटवरची बाई उठून उभी राहिलेली व्हिडिओत दिसते.

आता मध्येच एक जुना पराक्रम सांगायला हवा. जायच्या दोन महिने आधी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका नर्सबाईंनी माहिती दिली होती, मेंदूचा झटका कसा ओळखायचा. शेवटी वडे होते म्हणून मी गेलो होतो. त्यांनी प्रात्यक्षिकासाठी कोणीतरी पुढे या म्हटलं. मी गेलो. “हसून दाखवा,” म्हणाल्या. मी अर्ध्या तोंडाने हसलो. “दोन्ही हात वर करा.” मी एक केला आणि दुसरा लटकवला. “एक वाक्य बोला.” मी बोबडं बोललो. हॉल हसून लोळत होता. नर्सबाईही हसल्या आणि म्हणाल्या, “काकांनी सगळं बरोबर करून दाखवलं, असंच होतं.” बायको पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, “यमाला वाकुल्या दाखवू नयेत.”

बसमध्ये ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “हसा.”

मी हसलो. माझ्या मते चांगलं प्रशस्त हसलो.

“दोन्ही हात वर करा.”

मी केले. माझी आजही खात्री आहे की मी दोन्ही केले. बसमध्ये पुन्हा हशा पिकला, कारण मी काहीतरी सोंग करतोय हे सगळ्यांना ठाऊकच होतं. बायकोने माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेऊन वर धरला आणि सोडला. तो खाली पडला. तेव्हा हसू थांबलं.

“ह्यांना झटका आलाय,” ती म्हणाली. “अॅम्ब्युलन्स बोलवा.”

“वहिनी, पित्त असेल,” चेंबूरचे गृहस्थ म्हणाले. “रिकाम्या पोटी कॉफी घेतली त्यांनी. माझ्याकडे आलेपाक आहे.”

“लिंबूपाणी द्या थोडं,” मागून कोणीतरी म्हणालं. मुलुंडच्या बाई पर्समधून साखर काढत होत्या. आपल्या लोकांत माणूस खाली बसला की त्याच्या तोंडात काहीतरी गेलंच पाहिजे, मग तो कशानेही बसलेला असो. एवढ्यात एक ग्लास माझ्या ओठांपर्यंत आलाही होता. बायकोने तो हाताने बाजूला केला, अर्धं पाणी चेंबूरच्या शर्टावर.

“तोंडात काही घालायचं नाही. गिळता येत नसेल तर घशात अडकेल.”

“काकू, रूमवर झोपवू या का थोडा वेळ?” टूर लीडर म्हणाली. “दहाची रोपवे आहे, बाकीच्यांना मी पुढे...”

“बाळा,” बायको म्हणाली, “रोपवे उद्या पण लटकत असेल. एकशेबारा लाव.”

ह्या बाईने आयुष्यात कधी रिक्षावाल्याशीही आवाज चढवला नव्हता. मुलीने फोन लावला. मी मात्र या सगळ्यात मोठ्या उत्साहाने बोलत होतो. मला वाटत होतं मी लोकांना शांत राहायला सांगतोय. व्हिडिओत मी चेंबूरच्या गृहस्थांना तीनदा ‘टायर’ म्हणताना ऐकू येतो.

अॅम्ब्युलन्स पंधरा मिनिटांत आली. बायको आणि टूर लीडर माझ्याबरोबर आल्या. बाकी अडतीस माणसं रोपवेला न जाता हॉटेलच्या लॉबीत बसून राहिली, हे मला नंतर कळलं. कोणी न सांगता.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा पहिला प्रश्न: शेवटचे ठीक कधी होते? मिनिटात सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन होतं, पण ते काही तासांच्या आतच देता येतं, आणि घड्याळ तिथून मोजायचं. बायकोने जिन्यातल्या चपलेचं सांगितलं, मग गाऱ्हाण्याचं. टूर लीडरने चेंबूरकडून व्हिडिओ मागवला. डॉक्टरीणबाईंनी तो पूर्ण बघितला, दोनदा. मग विचारलं, “यात चूक कुठून सुरू होते? मला सगळं सारखंच वाटतंय.”

टूर लीडर डोंबिवलीची, तिला मालवणी धड कळत नव्हतं. ती म्हणाली, मलाही सारखंच वाटतंय. तेव्हा कराडच्या बाईने, जिने छत्तीस वर्षं नुसतं ऐकलं होतं, बोट ठेवलं. “इथे. पाय घट्ट राहू देत, इथपर्यंत बरोबर. डोंगराला पासपोर्ट, इथून बिघडलं.”

व्हिडिओत त्या जागेची वेळ बघितली. आठ वाजून अकरा मिनिटं. चप्पल त्याच्या आधीची, म्हणून डॉक्टरांनी मोजायला चप्पल धरली. तरीही वेळ होता.

“पण एक विचारू?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते असं काहीही बोलत असताना बाकीचे सगळे होकार का देतायत?”

टूर लीडरने ते बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, “त्यांचं कामच ते आहे.” मुलीने याचं इंग्रजी काय केलं देव जाणे. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

मग प्रश्न आला औषधांचा. “ब्लडप्रेशरची गोळी रोज घेतात,” बायको ठामपणे म्हणाली. “आजही घेतली.” मशीनवरचा आकडा वेगळंच सांगत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशर इतकं असताना ते इंजेक्शन देता येणार नाही, मेंदूत रक्तस्राव होईल. आधी ते खाली आणावं लागेल. कोणती गोळी घेतात ती दाखवा. टूर लीडरने हॉटेलमधून माझी बॅग मागवली. बायकोने ती त्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत उघडली. एक नारळ निघाला. मग दुसरा. तिसरा. चौथा. तिने तळापर्यंत हात घातला, कपडे काढले, बाजूचे खण बघितले. निळी पिशवी नव्हती.

ती माझ्याकडे वळली. “गोळी घेतलीत?”

आणि माझ्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न चुकता आलं: “व्हय म्हाराजा.”

हे एकच शिल्लक राहिलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले की असं होतं. बाकी भाषा जाते आणि वर्षानुवर्षं घोटलेलं एखादं वाक्य तेवढं राहतं. पण त्या वेळी ते मला माहीत नव्हतं. मला फक्त हे दिसलं की मी काहीतरी दुसरंच सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर हे आलं. मी पुन्हा प्रयत्न केला. व्हय म्हाराजा. पुन्हा. व्हय म्हाराजा. त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटली. हात जातोय, पाय जातोय, ते ठीक. मी असाही लंगडत जगलो असतो. पण माझ्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, बोलणं, आणि ती कुणीतरी माझ्या बॅगेतून वजन कमी करायला काढून ठेवली होती.

प्रेशर उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. सलाइनमधून औषध जात होतं आणि सगळे घड्याळाकडे बघत उभे होते. ती पंचवीस मिनिटं मी नारळांवर खर्च केली होती. नारळ खुर्चीवर ओळीने बसले होते, नातेवाइकांसारखे. मग इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलू लागली. डॉक्टरीणबाई पेन दाखवायच्या, हे काय? व्हय म्हाराजा. चमचा? व्हय म्हाराजा. दुखतंय का? व्हय म्हाराजा. म्हणून पेनकिलर आली, जी मला नको होती. बायकोने ही संधी साधून माझ्याकडून बऱ्याच गोष्टी कबूल करून घेतल्या. तंबाखू सोडणार? तिच्या भावाशी धरलेला अबोला सोडणार? कराडला आठ दिवस राहायला येणार? मी सगळ्याला व्हय म्हटलं. तिने ते फोनवर रेकॉर्ड केलंय. आजही मागितलं की ऐकवते.

पण दर संध्याकाळी, सगळे गेले की, ती खुर्ची पलंगाजवळ ओढायची आणि एकच प्रश्न विचारायची. “गोळ्या कुठे आहेत?” चिडून नाही. मला वाटतं तिला उत्तरापेक्षा मी वाक्य बोलतो का ते बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी ‘चहा’ म्हणालो. चौथ्या दिवशी ‘पाणी’ आणि एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही, पण नर्सला अर्थ न कळूनही तिने टाळी वाजवली. पाचव्या संध्याकाळी बायकोने विचारलं, आणि मी डोळे मिटून, एकेक शब्द अंधारात चाचपून, जोडला.

“पोराकडे. चिवड्या... बरोबर. दिल्या.”

झटक्यानंतरचं माझं पहिलं पूर्ण वाक्य हे. माणसं देवाचं नाव घेतात, मी गुन्हा कबूल केला. बायको हसली, मग रडली, मग मुलाला फोन लावला आणि त्याला ‘आईला सांगू नको’ या विषयावर अर्धा तास झापलं. मला त्यातलं प्रत्येक वाक्य समजत होतं. एवढं चांगलं मराठी मी बरेच दिवस ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर आठ महिने व्यायाम, स्पीच थेरपीच्या बाई, रोज सकाळी बायकोच्या डोळ्यांसमोर गोळी आणि नंतर जीभ बाहेर काढून दाखवणं. बोलणं परत आलं, पण भोकं राहिली. अधूनमधून एखादा शब्द मिळत नाही; तो जिथे असायला हवा तिथे हात घातला तर खण रिकामा.

मग आमच्या बिल्डिंगला नवी लिफ्ट लागली. पूजा झाली आणि सेक्रेटरी म्हणाले, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं. मी नाही म्हटलं. मग बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “घाला की.”

तळमजल्यावर सगळी बिल्डिंग जमली. मी नारळ डाव्या हातात घेतला, उजवा त्याच्यावर ठेवला. “बा देवा म्हाराजा.” कोणी व्हय म्हणेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या. एका मुलीने फोनवर अॅम्ब्युलन्सचा नंबर काढून तयार ठेवला होता. नंतर कळलं, बायकोने आदल्या दिवशी दारोदार जाऊन ताकीद दिली होती: काय बोलतायत ते आधी ऐका आणि मग व्हय म्हणा, उगाच म्हणू नका.

चाळीस वर्षांच्या माझ्या कारकिर्दीत असं ऐकणारे लोक मला मिळाले नव्हते.

“आज आमच्या बिल्डिंगीत,” मी म्हणालो, “आज आमच्या बिल्डिंगीत नवी...” आणि तो शब्द मिळाला नाही. समोर ती उभी होती, स्टीलची, चकचकीत, वर हार घातलेली, आणि मला तिचं नाव येत नव्हतं. फोन काढलेल्या मुलीचा अंगठा नंबरावर गेला.

“नवी... वर-खाली जाणारी खोली इली हा,” मी म्हणालो. “ती मधेच अडकू नये म्हाराजा.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. हे बरोबर धरायचं की चूक, कोणाला ठरवता येईना.

मागून, जिन्याजवळून, बायकोचा आवाज आला. जरा उशिरा, सुरात नाही, आणि शब्द कराडच्या वळणाने वाकवलेले.

“व्हय महाराजा,” ती एकटीच म्हणाली.

मी पुढचं वाक्य घेतलं.